अकरा महिन्यांचा पत्ता

मीरा रोडला भाड्याच्या घराचा करार होतो अकरा महिन्यांचा. बाळाच्या लसीकरणाचं वेळापत्रक जन्माच्या दिवशी सुरू होतं आणि सोळाव्या वर्षी संपतं. या दोन कागदांचा मेळ घालत राहणं हेच माझ्या नोकरीचं खरं स्वरूप आहे, असं आज इतक्या वर्षांनंतर मला वाटतं. मी नागरी आरोग्य केंद्रातली एएनएम. मराठी घरांत सिस्टर, हिंदी घरांत ‘सुईवाली दीदी’. पूनम सागर आणि आजूबाजूचा भाग माझ्या वाटणीला आला. प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं असं बरंच काही या वस्तीनं मला शिकवलं.

पूनम सागर म्हणजे मीरा रोड पूर्वेचं एक मोठं संकुल. इमारतींच्या रांगा, खाली दुकानं, वर छोटे फ्लॅट. मुंबईत घर परवडेना म्हणून इथं आलेले लोक परळ-गिरगावच्या चाळींतले आहेत, कोकणातले आहेत, घाटावरचे आहेत, जौनपूर-आझमगढचे आहेत, राजस्थान-गुजरातचे आहेत. मीरा-भाईंदर महापालिका झाली २००२ साली, आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेलेली होती. शहर असं भराभर वाढतं तेव्हा त्यातली माणसंही भराभर घरं बदलतात. मालकानं भाडं वाढवलं, नोकरी बदलली, थोरल्याला शाळा लांब पडायला लागली की टेम्पो बोलावायचा आणि सामान भरायचं. कधी शेजारच्या विंगमध्ये, कधी भाईंदरला, कधी थेट नालासोपाऱ्याला. जिन्याखालच्या खोलीत राहणारं वॉचमनचं कुटुंब तर सोसायटीनं एजन्सी बदलली की रातोरात जातं. बांधकामाच्या साइटवरची मजूर कुटुंबं स्लॅब संपला की पुढच्या साइटवर.

लसीकरणाबद्दल चर्चा होते ती बहुतेक नकार देणाऱ्यांची. अफवा, भीती, गैरसमज. ते सगळं आहे, नाही असं नाही. पण माझ्या वहीत नकाराच्या नोंदी थोड्या आणि निसटलेल्या मुलांच्या नोंदी भरपूर आहेत. या मुलांच्या आईबापांचा लसीला काडीचाही विरोध नसतो. उलट ‘आमच्या बाळाचे सगळे डोस झालेत’ असं ते खात्रीनं सांगतात. पहिले तीन-चार महिने त्यांनी एकही तारीख चुकवलेली नसते. मग घर बदलतं, आणि पुढचे रकाने कोरे राहतात.

यात आपल्या चालीरीतींचाही वाटा आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे जन्मानंतर लगेचची बीसीजी, पोलिओचा शून्य डोस, कावीळ-बची लस हे सगळं रत्नागिरी किंवा सांगलीकडच्या एखाद्या दवाखान्यात. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी कधी माहेरी, कधी सासरी. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाचा पहिला डोस द्यायचा असतो तेव्हा नेमकी मे महिन्याची सुट्टी लागते आणि बाळ गावी असतं. आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर यायचा, तोवर भाडेकरार संपलेला असतो. एकाच बाळाच्या नोंदी तीन गावांच्या तीन रजिस्टरांत पसरतात आणि कुठलंच रजिस्टर पुरं होत नाही.

असंच एक घर. ड्यू लिस्ट, म्हणजे लस बाकी असलेल्या बाळांची यादी, घेऊन आशाताई (वस्तीच्या आशा स्वयंसेविका) आणि मी एका विंगच्या तिसऱ्या मजल्यावर गेलो. यादीत त्या घरी दुसऱ्याच बाळाचं नाव होतं. ते कुटुंब गेलेलं, नवे भाडेकरू आलेले. बाहेरच्या खोलीत अजून न सोडलेली खोकी. आई सातारा जिल्ह्यातली, बाळ सतरा महिन्यांचं.

“कार्ड कुठंय?” मी विचारलं.

“टेम्पोत सामान चढवताना कुठं गेलं कळलंच नाही ताई. पण सगळ्या सुया झाल्यात त्याच्या.”

बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण होता. म्हणजे सुरुवात नीट झालेली होती. आईला म्हटलं, “माहेरी फोन लाव.” फोनवर आजी आल्या. त्यांनी उपकेंद्रातल्या सिस्टरांचा नंबर दिला. त्या सिस्टरांना मी फोन केला तेव्हा त्यांनी मी कोण, कुठली, काही विचारलं नाही. फक्त बाळाची जन्मतारीख आणि आईचं माहेरचं नाव विचारलं, आणि “धरा हं” म्हणून गेल्या. रजिस्टरची पानं उलटल्याचा आवाज मला इकडं ऐकू येत होता. मग त्या एकेक तारीख वाचत गेल्या आणि मी खिडकीच्या कट्ट्यावर कोरं कार्ड ठेवून लिहीत गेले. बीसीजी झालेली. पेंटाचे, म्हणजे पंचगुणी लसीचे, तिन्ही डोस झालेले. नवव्या महिन्यातला गोवर-रुबेलाही झालेला. “त्याच्या पुढं काही नाही बघा. त्या मुंबईला गेल्या ना,” त्या म्हणाल्या.

पुढच्या सेशनला ते बाळ आलं. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणीचा बूस्टर, पोलिओचे थेंब, जीवनसत्त्व ‘अ’चा चमचा. साताऱ्याच्या त्या सिस्टरांना मी आजवर पाहिलेलं नाही. पण या कामाची इमारत ज्यांवर उभी आहे ती अशीच माणसं आहेत, हे मी मनापासून मानते.

दुसऱ्या डोसवर मी एवढा जोर का देते, हे पुष्कळ पालक विचारतात. एका घरी एका वडिलांनी मला बसवून घेतलं आणि सरळ विचारलं, “एकदा दिलीय ना लस? मग पुन्हा टोचायची कशाला? पहिली खराब होती का?” प्रश्न रास्त होता. मी त्यांना सांगितलं, नवव्या महिन्यात गोवराची लस दिली तर शंभरातल्या साधारण पंच्याऐंशी बाळांच्या शरीरात संरक्षण तयार होतं. उरलेल्यांच्या शरीरात आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे किंवा इतर कारणांनी लस लागू पडत नाही. ती पंधरा बाळं कुठली, हे बाहेरून कुणालाच ओळखता येत नाही. म्हणून सगळ्यांनाच दुसरा डोस द्यायचा, म्हणजे त्या पंधरांपैकी जवळजवळ सगळी झाकली जातात. आणि गोवर असा आजार आहे की लस न घेतलेल्या वस्तीत एक रुग्ण बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू तिथल्या हवेत टिकू शकतो. म्हणून शंभरातल्या पंच्याण्णव मुलांचे दोन्ही डोस झाले तरच तो वस्तीत शिरकाव करू शकत नाही. ते वडील शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.” असे प्रश्न विचारणारे पालक मला हवे असतात. ज्याला कारण कळलं, तो घर बदलल्यावरही तारीख विसरत नाही.

ताप येतो, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. पेंटानंतर बाळाला ताप येतो, मांडी सुजते, ते रात्रभर किरकिरतं, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असलेली आई मेटाकुटीला येते. तिला “त्यात काय एवढं” असं म्हणणं मला कधीच पटलं नाही. टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसवून घ्यायचं, आणि चार गोष्टी सांगायच्या: आज कुठली लस दिली आणि ती कशापासून वाचवते, काय त्रास होऊ शकतो आणि झाल्यास काय करायचं, पुढच्या खेपेला कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेवायचं, येताना बरोबर आणायचं. प्रशिक्षणात हे चार संदेश पाठ करून घेतात. पूनम सागरमध्ये मी पाचवा जोडला: घर बदललंत तर फोन करा, जिथं जाल तिथल्या सिस्टरांचा पत्ता मी काढून देते.

लस देण्याच्या आधीचं काम लोकांना दिसत नाही. सकाळी फ्रीझरमधून बर्फाचे पॅक काढून बाहेर मांडायचे. लगेच लस नेण्याच्या कॅरियरमध्ये घातले तर पेंटा, त्रिगुणी, कावीळ-ब या लसी गोठतात, आणि एकदा गोठलेली लस पुन्हा वितळली तरी कामाची राहत नाही. म्हणून थांबायचं. पॅकवर घाम सुटतो. मग एकेक पॅक कानाशी धरून हलवायचा. आत पाण्याचा खळखळ आवाज आला की तो तयार. चार बाजूंना चार पॅक, मधे पिशवीत कुप्या. तापमान दोन ते आठ अंश. प्रत्येक कुपीवर एक छोटं वर्तुळ असतं आणि त्यात एक चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस चालते. उष्णता लागत गेली की तो गडद होत जातो, आणि वर्तुळाच्या रंगाला आला की ती कुपी बाद. पुण्याहून निघालेली लस राज्याच्या भांडारातून, जिल्ह्यातून, महापालिकेच्या शीतगृहातून माझ्या हातात येईपर्यंत वाटेत तिला किती ऊन लागलं, याचा हिशेब तो नखाएवढा चौकोन सांगतो. गोवर-रुबेलाची कुपी द्रावणात मिसळली की तिच्यावर वेळ लिहायची आणि चार तासांत उरलेली टाकून द्यायची. एकच बाळ आलं तरी कुपी उघडायची. लस वाया जाईल म्हणून बाळाला परत पाठवायचं नाही.

गोवराची ती लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. १९६६ साली सुरू झालेल्या या संस्थेतून लस जगभर जाते. आफ्रिकेतल्या मेंदुज्वराच्या पट्ट्यासाठी तिथंच एक लस बनली. एका डोसची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत राहिली पाहिजे, ही अट सुरुवातीपासून होती, कारण ज्यांना ती हवी होती त्यांना त्यापेक्षा जास्त परवडणार नव्हतं. २०१० च्या डिसेंबरमध्ये बुर्किना फासोमध्ये तिची मोहीम सुरू झाली. पुढं त्या पट्ट्यात ‘अ’ प्रकारचा मेंदुज्वर जवळजवळ नाहीसा झाला. हे वाचलं तेव्हा मला तिथल्या सिस्टरांची आठवण झाली. मी त्यांना ओळखत नाही, पण त्यांनीही कॅरियर खांद्याला अडकवून मोजणी केली असेल, कुठलं घर राहिलं ते शोधलं असेल.

मुंबईला लसीचा इतिहास जुना आहे. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला मुंबईत देवीची लस टोचली गेली. भारतात ही लस यशस्वी ठरलेली ती पहिली. तेव्हा शीतपेटी नव्हती. लस बगदादहून बसऱ्याला आणि तिथून जहाजानं मुंबईला आली ती माणसांच्या दंडावरून. एका मुलाला टोचायचं, आठवड्याभरात फोड पिकला की त्यातला द्राव दुसऱ्याला. पुढचं मूल वेळेवर मिळालं नाही, तर लस तिथंच संपली. ॲनाच्या दंडावरच्या द्रावानं मुंबईतल्या आणखी मुलांना लस मिळाली आणि मुंबईतून ती देशात पुढं गेली. हे समजल्यावर मला माझं काम त्याच परंपरेतलं वाटायला लागलं. आज बर्फ आहे, कुपी आहे, संगणक आहे. पण पुढचं मूल वेळेवर सापडलं पाहिजे, ही अट दोनशे वर्षांत बदललेली नाही.

त्यानंतर आली प्लेगची साथ. वाल्डेमार हाफकिन १८९६ मध्ये मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी काम सुरू केलं, आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवकांवर तिची चाचणी झाली. त्याच वर्षी, बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्चला पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्यांनाच प्लेगनं गाठलं. या दोन तारखा मी शाळेतल्या मुलींना एकत्र सांगते. विज्ञान मुंबईत पुढं सरकत होतं आणि शेजारच्या शहरात एक बाई आजाऱ्यांना उचलून दवाखान्यात नेत होती. लस सिद्ध होणं आणि ती माणसापर्यंत पोचणं यांत अंतर असतं, आणि त्या अंतरात माणसं मरतात. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळला गेली. आज तिथं त्यांच्या नावाची संस्था आहे.

परळच्या त्याच आवारातल्या विषाणू संशोधन केंद्राचा आमच्या कामाशी आणखी एक धागा जुळतो. पोलिओचा विषाणू सांडपाण्यात सापडतो का, हे पाहण्याचं काम भारतात पहिल्यांदा मुंबईत सुरू झालं, २००१ मध्ये. रुग्ण दिसायच्या आधी गटाराचं पाणी सांगतं की विषाणू कुठल्या वस्तीत फिरतोय. पल्स पोलिओ १९९५ ला सुरू झालं. भारतातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला, आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग, म्हणजे आपला विभाग, पोलिओमुक्त जाहीर झाला. पोलिओ रविवारी आम्ही बूथ लावतो आणि पुढचे काही दिवस घरोघरी जातो. डाव्या करंगळीवर शाईची खूण पाहायची, दारावर खडूनं लिहायचं. सगळी मुलं झाली तर ‘पी’, कुणी राहिलं किंवा दार बंद असलं तर ‘एक्स’. संध्याकाळी सगळे ‘एक्स’ मोजायचे आणि पुन्हा त्या दारांवर जायचं. स्टेशनवरही एक टीम उभी असते, लोकलमधून उतरणाऱ्या बाळांसाठी. आपल्या देशानं पोलिओ घालवला तो औषधाइतकाच या ‘एक्स’च्या हिशेबानं. पुन्हा जाण्याचा कंटाळा न करणाऱ्या हजारो बायकांनी तो घालवला.

गोवराच्या बाबतीत ते घडलेलं नाही. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून गोवर-रुबेलाची मोहीम झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या सगळ्या मुलांना, शाळा-शाळांतून. मग कोरोना आला. सेशन बंद पडली, कुटुंबं गावी गेली, परत आली ती वेगळ्या पत्त्यावर. आणि २०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवराची साथ उफाळली. भिवंडी, मालेगाव इथंही रुग्ण वाढले, मुलं दगावली. आम्ही घराघरांत ताप-पुरळ शोधत फिरत होतो. तेव्हा ज्या मुलांचे डोस राहिलेले सापडले त्यांच्या आयांशी मी बोलले. बहुतेकींनी एकच गोष्ट सांगितली: आम्ही तेव्हा गावी होतो, परत आलो तर कुणी विचारलं नाही.

ही तक्रार मला फार महत्त्वाची वाटते. तिचा अर्थ असा की लोक विचारलं जाण्याची वाट पाहतात. १९७४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम सुरू केला. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत लसींनी १५ कोटी ४० लाख जीव वाचवले, असा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतले ९ कोटींहून जास्त एकट्या गोवराच्या लसीनं. एवढा मोठा आकडा बनला तो एकेका दारात विचारलेल्या एकाच प्रश्नानं: कार्ड दाखवता का?

आता नोंदी यू-विन या ऑनलाइन नोंदणी प्रणालीवर होतात. गावात दिलेला डोस शहरात दिसतो. साताऱ्याच्या सिस्टरांना रजिस्टर उलटायला लावायची वेळ कमी येईल, याचा मला आनंद आहे. पण संगणकाला दार वाजवता येत नाही, आणि कुठल्या फ्लॅटमध्ये नवं कुटुंब आलं हे त्याला आपोआप कळत नाही. ते कळतं वॉचमनला, सेक्रेटरीला, शेजारणीला.

म्हणून सोसायट्यांच्या सभेत मला बोलायची संधी मिळाली की मी एकच मागणी करते. नवा भाडेकरू आला की तुम्ही कराराची प्रत घेता, आधार घेता, पोलिस पडताळणी मागता, गाडीचा नंबर लिहून घेता. त्याच फॉर्मवर आणखी एक ओळ छापा: घरात पाच वर्षांखालचं मूल आहे का, असल्यास त्याचं लसीकरण कार्ड आहे का. उत्तर ‘नाही’ आलं तर घर नाकारायचं नाही, फक्त आशाताईंना फोन करायचा. पूनम सागरमधल्या काही इमारतींनी ही ओळ घातली आहे. तिथून फोन येतात. कधी सेक्रेटरीकाकांचा, कधी वॉचमनचा. वॉचमन एकदा स्वतःच्याच लेकीसाठी फोन करत होता. इतरांची नोंद घेता घेता त्याच्या लक्षात आलं होतं की तिचेही दोन डोस राहिलेत.

लस शोधायला माणसं आयुष्य वेचतात, ती बनवायला कारखाने उभे राहतात, ती थंड ठेवायला देशभर साखळी चालते. त्या सगळ्याचं चीज व्हायला एका फॉर्मवरची एक ओळ उपयोगी पडत असेल, तर ती प्रत्येक सोसायटीनं छापावी. खर्च काही नाही. आणि ओळ छापलीत की आम्हाला कळवा. आम्ही येतो.